बिनधुराचा फायरमन

आमच्या कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये एक लोखंडी खुर्ची होती. त्या खुर्चीवर फायरमनमामांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा, पाण्याची बाटली बसायची, घाम पुसायचा टॉवेल बसायचा. मामा मात्र उभे. उभे तरी कसले, एका जागी उभेसुद्धा नाहीत. भट्टीचं दार उघडायचं, फावडंभर जळण आत पातळ पसरून टाकायचं, दार लावायचं, काचेच्या नळीतलं पाणी कुठवर आहे ते बघायचं, आणि तिथून तडक बाहेर अंगणात. अंगणात येऊन मान मागे टाकायची, डोळे बारीक करून चिमणीच्या टोकाकडे बघायचं, स्वतःशीच ‘हं’ किंवा ‘ह्यॅ’ म्हणायचं आणि पुन्हा आत. दिवसातून हे किती वेळा होतं ते मोजायचं मी एकदा ठरवलं. जेवणाच्या सुट्टीच्या आतच माझी मोजणी चुकली आणि मान तेवढी दुखून आली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. टॉवेल विणला जातो मागावर, पण त्याला रंग चढतो, तो मऊ होतो, वाळतो, ते सगळं वाफेवर. आणि वाफ येते बॉयलरमधून. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथे लागले तेव्हा माझ्या टेबलावर ‘पर्यावरण विभाग’ अशी पाटी होती. विभाग म्हणजे ते टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. वय तेवीस, त्यामुळे आपण जग वाचवायला आलो आहोत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पहिल्याच दिवशी वही घेऊन मी बॉयलर हाउसमध्ये गेले आणि एका घामाघूम, किडकिडीत माणसाला विचारलं, “तुम्ही रोज साधारण किती धूर सोडता?”

त्याने फावडं थांबवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, “धूर कशाला सोडू? इकत आणलेलं जळण हाय ते.”

माझ्या वहीत लिहिण्यासारखं ते उत्तर नव्हतं. पण मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले होते ते सगळं त्या उत्तरात होतं, धूर म्हणजे न जळता वाया गेलेलं जळण, हे कळायला मला सहा महिने लागले.

मामांचं खरं नाव नरसय्या. घर तेलुगू, विणकरांचं. आजोबा आंध्रातून सोलापुरात माग चालवायला आले, वडील जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. मामांना तेच जमलं नाही. “बाप म्हनायचा, बस. मी म्हनायचो, बसून माज्या पायाला मुंग्या येतेत. शेवटी त्यानंच हाताला धरून बॉयलरवर आनून सोडला. तितं बसाय मिळत न्हाय म्हनून,” असं ते सांगायचे. मग सरकारी परीक्षा देऊन बॉयलर चालवायचा दाखला मिळवला. तो काचेच्या चौकटीत घालून त्यांनी बॉयलर हाउसच्या भिंतीवर लावला होता आणि रोज सकाळी देवांच्या तसबिरींबरोबर त्याच्याही काचेवरून फडकं फिरायचं. मला ते पहिले काही दिवस ‘मॅडम’ म्हणाले. नंतर ‘अम्मा’ म्हणायला लागले. तेलुगू घरात लेकीलाही अम्माच म्हणतात.

धुराबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती ते भट्टीत जळण टाकता टाकताच सांगत. “काळा धूर म्हंजे आळशी मानूस. धा फावडी एकदम कोंबून बिडी वडाय गेलेला. पांढरा धूर म्हंजे घाबरट मानूस. हवा लई सोडली न्हायतर जळण वलं घातलं. धूर दिसायलाच नगो, अम्मा. चिमनीवर आभाळ नुसतं हाललं पायजे.” आणि खरंच, त्यांच्या पाळीत चिमणीच्या तोंडावर बघावं तर काही नाही. नीट टक लावली तर तेवढ्या जागेपुरतं आभाळ थरथरताना दिसायचं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा मी ओरडलेच. मामा अभिमानाने हसले, आणि अर्थातच लगेच आत पळाले.

कारखान्याबाहेरही त्यांची ही खोड जायची नाही. रस्त्याने चालताना लोक दुकानं बघतात, माणसं बघतात. मामा दुसऱ्यांच्या चिमण्या बघत. “ह्याचा फायरमन नवा हाय.” “ह्याचं आज भांडण झालंय बायकोसंगं, बग कसा कोंबलाय.” आमच्या अकाउंटंटच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगती बसायच्या वेळी मामा गायब. मी शोधायला गेले तर ते मांडवामागे आचाऱ्याच्या चुलाणापाशी. चुलाणातली अर्धी लाकडं त्यांनी बाहेर ओढून काढली होती आणि आचारी कमरेवर हात ठेवून उभा होता.

“ओ काका, भात कच्चा राहील माझा!”

“राहात न्हाय. तू जाळ खायला घाललाईस का धूर? डोळं पूस आधी.”

भात कच्चा राहिला नाही. मामांचं जेवण मात्र राहिलं, कारण शेवटची पंगत उठेपर्यंत ते त्या चुलाणापासून हलले नाहीत. त्यांच्या बायकोने, यल्लम्मामावशींनी, पदराआडून मला सांगितलं, “आमच्या लग्नातबी हेच केलंय त्यांनी.”

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. पत्र्याची घरं, काही पक्की, वर गच्च्या. तिथल्या बायका पापड, कुरडया, धुणं, सगळं गच्चीवर वाळत घालतात. आजूबाजूच्या कारखान्यांची काजळी कुठल्या दिवशी कुणाच्या चादरीवर येऊन बसेल याचा नेम नसे. पण आमच्या भिंतीलगतच्या घरांमध्ये एक रीत पडून गेली होती. सकाळी शांतव्वा नावाची एक ठसठशीत बाई भिंतीवरून डोकं काढून हाक मारायची, “मामा, पापड घालू का?”

मामा अंगणात यायचे, आभाळ बघायचे, वारा बघायचे, शेजारच्या कारखान्याची चिमणी बघायचे. “दुपारपत्तर घाल. दोनला त्या शेजारच्याची पाळी बदलती, तवा उचल.” आणि दोनला खरंच शेजारच्या चिमणीतून काळा लोट निघायचा. माझ्या कॉम्प्युटरवर हवेच्या मापनाचे तक्ते होते. शांतव्वाने ते कधी मागितले नाहीत.

मग मोठं गिऱ्हाईक आलं. परदेशात गावोगावी दुकानं असलेली एक अवाढव्य कंपनी आमचे टॉवेल घ्यायला लागली आणि बघता बघता आमचा बहुतेक माल तिच्याकडेच जाऊ लागला. कंपनीने जगाला शब्द दिला होता की आमच्या दुकानातली कुठलीही वस्तू कोळसा जाळून बनलेली नसेल. शब्द त्यांनी दिला, पाळायचा आम्ही. मोठ्या उद्योगांचं असंच असतं. छपरावर सौर पट्ट्या आल्या. मालाची ने-आण करायला बॅटरीवरचे टेम्पो आले. ते आवाज न करता मागे येऊन उभे राहायचे आणि गोदामातली माणसं दचकायची. आमचे मालक, ज्यांनी तोवर ‘पर्यावरण’ हा शब्द फक्त माझ्या पाटीवर वाचला होता, ते आता सभांतून त्यावर भाषणं देऊ लागले.

बॉयलरचं दोन टप्प्यांत ठरलं. आधी कोळसा बंद करून त्याच भट्टीत ‘पांढरा कोळसा’ जाळायचा. म्हणजे तुरकाठ्या, शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं दाबून केलेल्या कांड्या. त्या टेंभुर्णीकडून ट्रकने यायच्या. आणि वर्षाच्या आत सगळा जुना बॉयलर काढून नवा, आपोआप जळण घेणारा बसवायचा.

मला वाटलं होतं, मामा खट्टू होतील. झालं उलटंच. मी नव्या बॉयलरचा नकाशा दाखवायला नेला तर त्यांनी तो खुर्चीवर पसरून पाऊण तास बघितला. मधे तीनदा चिमणी बघून आले, पण नकाशा सोडला नाही. “हितनं जळण जाणार. व्हय. हितनं हवा. बरं. आनि आत बगायचा डोळा कुटं हाय ह्याचा?” मी म्हटलं, मामा, आत बघायची गरज नाही, तो स्वतःच सगळं ठरवतो. त्यांना हसू आवरेना. “आगं, ठरवू दे की. पर बरुबर ठरिवलं का न्हाय, ते कोन बगनार?”

मालकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “फायरमन, नव्या बॉयलरवर तुम्हीच. पुण्याला शिकायला पाठवतो.” निवृत्तीला त्यांची दोन-तीन वर्षं राहिली होती. जन्मभर धुराशी भांडलेल्या माणसाला अखेरीस अशी भट्टी मिळणार होती की जिच्यातून धूर निघूच नये म्हणून शहाण्या लोकांनी डोकं लढवलं होतं. पुण्याला जायचं म्हणून त्यांनी नवे बूट घेतले. रोज मला विचारायचे, “पुन्याचं पत्र आलं का, अम्मा?” त्यांना काय हवं होतं ते इतकं साधं होतं. आणि ते त्यांच्या हातून गेलं माझ्या एका वाक्यामुळे.

पावसाळा होता. आमच्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण त्या आठवड्यात झड लागली होती. टेंभुर्णीहून येताना ट्रकची ताडपत्री फाटली आणि कांड्या भिजून आल्या. भिजलेली कांडी म्हणजे नुसता भुसा. जळत नाही, धुमसते. चिमणीतून पिवळट पांढरा धूर निघू लागला. मामांचं चित्त थाऱ्यावर राहीना. भट्टी, अंगण, भट्टी, अंगण. शांतव्वाच्या हाकेला त्यांनी दोन दिवस ओ दिली नाही. मला म्हणाले, “तोंड दाखवायची लाज वाटती.”

आणि नेमका त्याच आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस यायचा होता. माझ्या टेबलावर फायलींचा ढीग. मी धावपळीत, फोन कानाला लावूनच बॉयलर हाउसमध्ये डोकावले आणि म्हणाले, “मामा, उद्या पाहुणे येणार आहेत. आपला धूर किती स्वच्छ आहे ते बघायला. जरा सांभाळा.”

खरं तर ते धूर बघायला येणारच नव्हते. कोळसा बंद झाला का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मला हे माहीत होतं. पण ‘इंधन बदलाच्या अटीची पडताळणी’ हे मामांना कसं सांगायचं म्हणून मी त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि वर आपल्या हुशारीवर खूषही झाले. त्यांनी मात्र एकेक शब्द खरा धरला. धुराची परीक्षा आहे. जन्मभरात पहिल्यांदा कुणीतरी लांबून त्यांचा धूर बघायला येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीवर काही नव्हतं. पाऊस उघडला होता, स्वच्छ आभाळ होतं, आणि चिमणीच्या तोंडावर तेवढंच आभाळ थरथरत होतं. मामांनी धुतलेला शर्ट घातला होता, कपाळाला गंध होतं, पायात पुण्याचे बूट. तपासनीस तरुण होता, बेंगळूरूहून आलेला, डोक्यावर हेल्मेट, हातात टॅब्लेट. मामा त्याला जवळजवळ हाताला धरूनच अंगणात घेऊन गेले.

“बगा साहेब.”

तो हिंदीत म्हणाला, “काय बघू?”

“वर बगा की.”

त्याने वर पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही, कारण तिथे काहीच नव्हतं. आणि काही नसणं हीच ती गोष्ट, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली केली आणि राखेचा खड्डा कुठे आहे ते विचारलं. राखेत सळई फिरवली. भुशाच्या कांड्यांची राख मऊ, करडी असते. सळईला काहीतरी कडक लागलं. त्याने ते बाहेर काढलं. कोळसा जळून उरलेला खंगर होता, काळा, काचेसारखा चकाकणारा.

“हे काय आहे?”

मी खाली बघत होते. मामा मात्र खुलले. ही तर त्यांच्या कसबाची गोष्ट. त्यांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं: कांड्या भिजून आल्यात, नुसत्या टाकल्या तर धूर होतो, म्हणून मागच्या जुन्या ढिगातला चांगला कोळसा निवडून त्याचा पातळ थर खाली दिला, तो लाल झाला की वर कांड्या, थोड्या थोड्या. “मंग वली कांडी बी अशी जळती बगा, धुराचा पत्ता न्हाय.” कोळसा बंद आहे हे त्यांना माहीत होतं. पण कोळसा बंद कशासाठी? धुरासाठी. आणि कोळशाच्या चार फावड्यांनी धूरच जात असेल, तर त्यात वावगं काय? त्यांचा हिशेब सरळ होता. तपासनीसाने खंगराचा फोटो काढला, मामांचाही काढला. मामा फोटोसाठी ताठ उभे राहिले.

दुपारी मालकांच्या केबिनमध्ये मालक, मॅनेजर आणि मी. मालकांचा चेहरा उतरला होता. एवढं गिऱ्हाईक गेलं तर कारखान्यातली सगळीच माणसं रस्त्यावर, हे खोटं नव्हतं. कंपनीने एक मार्ग ठेवला होता: चूक कशी झाली, कुणामुळे झाली आणि तुम्ही काय केलंत, ते लेखी द्या.

मालकांनी विचारलं, “त्याला कुणी सांगितलं होतं का असं करायला?”

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “नाही सर. कोळसा टाकायला कुणीच सांगितलं नाही.”

ते अक्षरशः खरं होतं. खोटं बोलण्याची ही फार सोयीची रीत आहे. मी टेबलाशी जाऊन कंपनीचा खुलाशाचा अर्ज भरला. कारण: कर्मचाऱ्याने परस्पर, परवानगीशिवाय कोळसा वापरला. जबाबदार व्यक्ती: इथे मी त्यांचं पूर्ण नाव टाइप केलं. केलेली कारवाई: संबंधितास बॉयलर विभागातून हलवलं. मॅनेजरने तो कागद मामांकडे सहीसाठी नेला. मी गेले नाही. मला काम होतं.

गिऱ्हाईक राहिलं. मामांना गोदामात दिलं. टॉवेलच्या गठ्ठ्यांना लेबलं बांधायची, स्टुलावर बसून. तिथली माणसं सांगायची, दर पाच मिनिटांनी उठतात, दारापर्यंत जातात, परत येतात. मुकादम ओरडायचा, “काय बघलालाव मामा सारखं भाईर?” आठ दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. बॉयलर हाउसच्या भिंतीवरून दाखला काढला, शर्टाच्या आत धरला, आणि फाटकाकडे जाताना माझ्या टेबलाशी थांबले. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तर तयार करू लागले. ते म्हणाले, “नव्या मानसाला सांग, अम्मा. पावसात कांड्या आदल्या दिवशीच भट्टीच्या मागल्या भिताडाला लावून ठेवायच्या. शेकून सुकतेत. मला उशिरा सुचलं.” आणि गेले.

नवा बॉयलर बसला. चांगला आहे, मला त्याच्याविषयी वाईट बोलायचं नाही. त्याला पुण्याला शिकून आलेला एक तरुण बघतो, तोही वाईट नाही. भिंतीपलीकडे शांतव्वा आता कुणाला हाक मारत नाही. तिने विचारलं तर त्या तरुणाला शेजारच्या कारखान्याची पाळी कधी बदलते ते माहीत नसतं. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या वार्षिक अहवालात आमच्या कारखान्यावर एक पान आलं, सौर पट्ट्यांचा फोटो, खाली मालकांचं नाव, बारीक अक्षरात माझंही. माझ्या हाताखाली तीन माणसं आली. आणि मला कुठे दहा मिनिटं धड बसवेनासं झालं. मीटिंगमध्ये मी उठून खिडकीशी जायची. नवरा म्हणायचा, तुला झालंय तरी काय?

सव्वा वर्षाने एका रविवारी उठले आणि मामांच्या घरी गेले. पूर्व भागातल्या एका अरुंद बोळात दोन खोल्या, शेजारच्या घरांतून मागांचा खडखडाट. यल्लम्मामावशींनी चहा टाकला. मामा वाळले होते. मी घाईघाईने, चहा यायच्या आत सांगून टाकलं, “मामा, त्या कागदावर तुमचं नाव मी लिहिलं होतं.”

“ठाव हाय की. सही घेताना वाचून दाखिवला मॅनेजरनं.”

“आणि पाहुणे धूर बघायला येणार हेही मीच सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हे तिथे बोलला का नाहीत?”

“बोलून? तुजी बी गेली असती. तू काय खोटं सांगितलीस? धूरच बगायचा आस्तो. त्यानं बगितला न्हाय.” ते दारापर्यंत जाऊन आले. मग माझ्यासमोर उभे राहून, जरा संकोचत, त्यांनी विचारलं, “एक सांग. त्या कागदात कोळसा टाकला ते लिवलीस. कुनी टाकला ते लिवलीस. त्या दिवशी चिमनी कशी होती, ते लिवलीस का?”

“नाही मामा.”

“तू बगितली होतीस की.”

“बघितली होती. तसा रकाना नव्हता त्यात.”

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते बायकोकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलले, आणि मावशी म्हणाल्या, “ते म्हन्तेत, एवढं तरी लिवायला पायजे होतं.”

नोकरी गेली, पुणं गेलं, ठपका लागला, त्या कशाबद्दलच त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. त्यांचं दुखणं एवढं एकच होतं. भिजलेल्या जळणावर त्यांनी जन्मातली सगळ्यात अवघड पाळी निभावली, आणि कागद वाचणाऱ्या प्रत्येकाला ती त्यांची चूक म्हणूनच कळणार होती.

मी मालकांना जाऊन सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “आता काय उपयोग? प्रकरण बंद झालंय.” गिऱ्हाईक कंपनीला मी पत्र लिहिलं. ‘आपली प्रतिक्रिया मोलाची आहे’ असं यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं. मग मला त्यांच्या वार्षिक अर्जाच्या शेवटी एक चौकोन सापडला: ‘इतर काही सांगायचे असल्यास’. तिथे मी एक वाक्य लिहिलं. अहवाल छापून आला तेव्हा ते त्यात नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं.

अहवाल यायच्या सुमाराला मामांचा फोन यायचा. “अम्मा, छापलं का?”

“अजून नाही, मामा.”

“बरं. लिवत राहा.” मागे मागांचा खडखडाट, आणि त्यांच्या चपलांचा आवाज, फोनवर बोलतानाही ते चालतच असायचे.

या उन्हाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं. यंदाचा अर्ज त्यानंतर आला आणि मी ते वाक्य पुन्हा लिहिलं. यंदाही ते छापलं गेलं नाही, आणि यंदा विचारायला फोन आला नाही. तेव्हा ते आता इथेच छापून घेते. कोळसा टाकला होता, खरं आहे. तो टाकणारा माणूस नरसय्या, हेही खरं. त्या दिवशी सकाळपासून पाहुणे परत जाईपर्यंत मी स्वतः बघत होते. आमच्या चिमणीतून धूर निघाला नाही.